पत्त्यांची यादी नको, वर्गणीची पावती दाखवा

आपल्या या मासिकाच्या वाचकांत कथा लिहिणारांची संख्या लहान नाही. कोणी रायपुरास, कोणी गुवाहाटीस, कोणी चंदीगडास सरकारी खुर्चीत बसलेला मराठी माणूस घरात निजानीज झाल्यावर कागद पुढे ओढतो आणि गोष्ट लिहू लागतो, ही कोणालाही समाधान वाटावे अशी बाब आहे. परंतु हे लिहिणारे चौघे एकत्र जमले म्हणजे त्यांच्या तोंडून एकच मागणी ऐकू येते. ‘महाराष्ट्रात कोणकोणती मासिके निघतात, त्यांतली कथा कोण छापतात, मानधन कोण देतात आणि हस्तलिखित कोठे धाडायचे, एवढी एक यादी छापून टाका म्हणजे आमचे काम झाले,’ असे त्यांचे म्हणणे असते. मागणीच्या पाठोपाठ तक्रारही ठरलेली. ‘पुण्या-मुंबईचे संपादक आम्हां बाहेरच्यांना विचारतात कुठे?’

या मागणीला माझा विरोध आहे, आणि तक्रार तर मला साफ अमान्य आहे. योग्य मासिक कसे शोधावे हा प्रश्न पत्त्यांचा नाहीच; तो वाचनाचा आहे. ज्या मासिकाचे लागोपाठ बारा अंक आपण वाचले नाहीत, त्याला आपली कथा पाठवण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हे औषध कडू आहे, हे मी जाणतो. पण ते मी प्रथम स्वतः घेतलेले आहे, म्हणूनच दुसऱ्यापुढे वाटी धरण्याचा धीर होतो.

आपण सारे कचेरीत आयुष्य घालवणारी माणसे. लेखा विभागाची फाइल आस्थापना विभागाच्या टेबलावर जाऊन पडली, तर आपण संबंधित कारकुनाला काय म्हणतो? ‘कागद न वाचता पाठवलात कसा?’ असेच ना? कोणता विषय कोणत्या शाखेचा, किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार कोणाला, कोणत्या टिप्पणीला कोणते सहपत्र जोडायचे, हे ज्यांना झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येते, तेच आपण स्वतःची कथा मात्र डोळे मिटून दहा दिशांना उधळतो. पूर्वी हस्तलिखिताची दुसरी प्रत हाताने उतरवून काढावी लागे, जाण्यायेण्याचे टपालहशील पदरचे घालावे लागे. त्या श्रमाने आणि खर्चाने माणसाला थोडा विवेक शिकवला होता. आता एका बोटाच्या दाबासरशी एकच कथा चाळीस संपादकांच्या दारात जाऊन उभी राहते. तिला चाळीस दारे दिसतात, पण एकाही घरातले माणूस तिच्या ओळखीचे नसते.

मासिक म्हणजे कोऱ्या कागदांची थप्पी नव्हे. त्याला स्वतःचा स्वभाव असतो, आणि मराठी कथेचा इतिहास पाहिला तर या स्वभावांनीच तिला वेळोवेळी वळण दिलेले दिसते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले ते सहकुटुंब वाचण्याजोगे साप्ताहिक म्हणून. त्या घरगुती वाचनाच्या गरजेतून त्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ जन्मल्या. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजना’ने, म्हणजे १८९५ साली निघालेल्या मासिकाने, एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी ‘संपूर्ण गोष्ट’ वाचकांच्या अंगवळणी पाडली, आणि वि. सी. गुर्जरांसारख्या लेखकाला तिथे आपले घर सापडले. १९२० साली एका कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’चे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. त्याला समाजसुधारणेची ओढ होती, आणि त्याच्या पानांत रूढीला हात घालणारी कथा शोभून दिसे. ‘सत्यकथे’ला मनाच्या आतल्या हालचालींचे कुतूहल होते, म्हणून गाडगीळ-गोखल्यांची नवकथा तिथे रुजली. आता कल्पना करा, की गुर्जरांच्या वळणाची चटकदार गोष्ट कोणी ‘सत्यकथे’ला पाठवली आणि नवकथेचे हस्तलिखित कोणी ‘मनोरंजना’च्या काळात नेऊन मित्रांच्या टेबलावर ठेवले. दोन्ही परत आल्या असत्या, आणि दोन्ही वेळा संपादकाचेच बरोबर ठरले असते.

आजही तेच आहे. दिवाळी अंकांच्या बाजारात ‘आवाज’ १९५१ पासून विनोदाचा झेंडा घेऊन उभा आहे. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांचा वाचक गूढ आणि रहस्य यांच्या ओढीने येतो. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून मुलांसाठी निघते. ‘साधना’ साप्ताहिकाला साने गुरुजींनी १९४८ साली लावलेल्या सामाजिक विचाराची बैठक आहे. ‘ललित’ हे १९६४ साली सुरू झाले ते ग्रंथांच्या जगासाठी. आणि १९८५ साली धुळ्याहून निघालेले ‘कविता-रती’ तर केवळ कवितेला वाहिलेले. यादीत ही सारी एकाखाली एक ‘नियतकालिक’ म्हणून येतील. ती यादी हाती घेऊन बसलेला गृहस्थ आपली तीस पानांची कौटुंबिक कथा यांतल्या प्रत्येकाला पाठवून मोकळा होईल, आणि तीन महिन्यांनी ‘कोणी दखलही घेतली नाही’ म्हणून हळहळेल. यादीने त्याला पत्ते मिळतील, पण यांतल्या एकाही मासिकाची ओळख मिळणार नाही.

आता त्या तक्रारीकडे वळू. बाहेरच्यांना मराठी मासिकांत दार बंद आहे, हे म्हणणे इतिहासाच्या एका झुळकीतही टिकत नाही. दिवाकर कृष्ण हैदराबादेस वकिली करीत. त्यांची ‘अंगणातला पोपट’ ही कथा १९२२ साली ‘मनोरंजना’त आली, आणि मराठी कथेत मनाच्या हळुवार छटा टिपण्याचे एक नवे पर्व तिच्यापासून मानले जाते. त्यांनी कथा मोजक्याच लिहिल्या. १९२७ सालच्या पहिल्या संग्रहाचे नावच ‘समाधी व इतर सहा गोष्टी’. दहा दिशांना उधळण्याइतका माल त्यांच्याजवळ नव्हताच. जी. ए. कुलकर्णी आयुष्याचा मोठा भाग धारवाडास इंग्रजी शिकवीत राहिले. सभासंमेलनांपासून ते चार हात दूर असत, संपादकांच्या बैठकीत त्यांची ऊठबस नव्हती. तरी त्यांची कथा ‘सत्यकथे’त सन्मानाने येत होती, आणि १९७३ साली ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, तो पुढे त्यांनी परत केला, ही गोष्ट वेगळी. या दोघांच्या मार्गात हैदराबाद किंवा धारवाड आडवे आले नाही. मग आपल्याच मार्गात रायपूर आणि गुवाहाटी कशी आडवी येतात?

येथे मला स्वतःची एक लाजिरवाणी हकीकत सांगितली पाहिजे. १९९४ साली माझी बदली शिलाँगला झाली. मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. शिलाँगच्या पहिल्याच पावसाळ्यात मी एक कथा लिहिली, आणि ती कशावर? तर पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका वाड्यावर, जिथे मी उभ्या आयुष्यात एक रात्रही काढली नव्हती. मासिकांना पुणेरी वाडा आवडतो, अशी माझी ऐकीव समजूत होती. कथा सात ठिकाणी पाठवली. चौघांकडून पोचदेखील आली नाही. दोघांनी ‘साभार परत’चा छापील कागद जोडला. सातव्या संपादकाने मात्र स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांचा आशय असा: ‘कथेतला वाडा आपण पाहिलेला दिसत नाही. पाकिटावरचा शिलाँगचा पत्ता मात्र खरा आहे. तिकडचे काही लिहाल तर अगत्याने वाचीन.’

तो कागद वाचून मला आनंद व्हायला हवा होता. मला आला राग. त्या मासिकाचा मी वर्गणीदार होतो. वडिलांनी लावलेली वर्गणी मी केवळ सवयीने भरत आलो होतो आणि अंक वेष्टनासकट कपाटावर पडून राहत. रागाच्या भरात मी पुढच्या वर्षाची वर्गणी भरली नाही. ‘आमचे लिहिणे नको, तर आमचे पैसेही नकोत,’ असे बायकोला ऐटीत सांगितल्याचे आठवते.

पुढची बदली झाली तेव्हा सामान बांधताना ती वेष्टने हाताशी आली. रेल्वेच्या दोन रात्रींच्या प्रवासात मी ती एकेक करून फोडली. त्या बारा अंकांत पुणेरी वाडा एकाही कथेत नव्हता. एक कथा कोळसाखाणीवरच्या हजेरी कारकुनाची होती, एक मालगाडीच्या गार्डाची, एक समुद्रावरच्या जकात नाक्याची. ज्याने ते अंक वाचले असते त्याला त्या संपादकाची भूक कशाची आहे, हे कोणी सांगावे लागले नसते. आणि माझ्या कचेरीत तर कथा रोज सकाळी हजर होत होती. आमचा एक खासी शिपाई होता. खासी लोकांत घर आईकडून धाकट्या मुलीकडे जाते. बहिणीच्या घरात वाढलेला आणि बायकोच्या घरी नांदायला गेलेला हा गृहस्थ रजेच्या अर्जावर ‘कायमचा पत्ता’ या रकान्याशी प्रत्येक वेळी अडखळत असे, आणि मी त्याला प्रत्येक वेळी लाल शाईने ‘अपूर्ण’ असा शेरा मारून अर्ज परत करीत असे.

ती कथा मी लिहिली. लिहायला वेळ लागला, पण लिहिली, आणि त्याच संपादकाला पाठवली. तीन आठवड्यांनी पाकीट परत आले. पत्त्यावर कोणी नाही, असा टपालखात्याचा शेरा होता. मासिक बंद पडले होते. माझ्या एका वर्गणीने ते जगले असते, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. परंतु अंकाचे वेष्टन न फोडता त्याच्या संपादकावर रुसणारे माझ्यासारखे किती शेकडा होते, याचा हिशेब कोणी मांडला आहे? ती कथा पुढे दुसरीकडे छापून आली. ज्याने ती मागितली होती त्याच्या हाती मात्र ती पडली नाही, आणि ही रुखरुख आता माझ्याबरोबरच जाईल.

संपादकांची बाजू मी घेतो याचा अर्थ त्यांचे सारे क्षम्य आहे असा नव्हे. हस्तलिखिताची पोच न देणे ही अशिष्टता आहे, आणि साधने इतकी सुलभ झाल्यावर तर तिला सबबही उरलेली नाही. वर्षवर्ष कथा अडकवून ठेवून नकारही न कळवणे हा लेखकाच्या वेळेचा अपहार आहे. छापखान्याला, कागदवाल्याला, चित्रकाराला पैसे देणारा संपादक कथाकाराला मात्र ‘प्रसिद्धी हेच मानधन’ असे सुनावतो, तेव्हा त्याचाही निषेधच केला पाहिजे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी ‘सत्यकथे’त लेखकांशी जो पत्रव्यवहार केला, कथेतल्या उणिवा दाखवून ती पुन्हा लिहवून घेण्याचे जे कष्ट उपसले, त्याची आठवण आज कोणाही संपादकाला करून देणे अनुचित ठरणार नाही. पण मित्रहो, त्या ‘सत्यकथे’ला १९८२ साली आपले दार लावावे लागले. चांगल्या संपादकासाठी गळा काढणारे आपण, तो हयात असताना त्याच्या वर्गणीदारांच्या वहीत होतो का?

‘प्रस्थापित मासिके आपल्या वर्तुळापलीकडे पाहत नाहीत’, असाही एक आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १९६९ साली मुंबईत तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली ती याच संतापातून. मात्र त्यांचा संताप आणि आपली कुरकुर यांत एक मोठा भेद आहे. जाळणारांनी तो अंक आधी वाचला होता. त्यात काय नाही, हे त्यांना पानापानाने ठाऊक होते. म्हणूनच ते नुसते रुसून बसले नाहीत. त्या पिढीने स्वतःची अनियतकालिके काढली. दलित लेखकांना प्रचलित मासिकांत आपला स्वर बसेना, तेव्हा गंगाधर पानतावणे यांनी त्या वेळच्या औरंगाबादेहून ‘अस्मितादर्श’ उभे केले आणि लेखकांची एक अख्खी पिढी त्याभोवती वाढली. फार काय, आपल्या बृहन्महाराष्ट्रातच, बडोद्यास, १९४३ साली ‘अभिरुचि’ निघाले, आणि पुण्या-मुंबईच्या लेखकांना आपले लेखन बडोद्याच्या पत्त्यावर धाडावेसे वाटू लागले. योग्य मासिक शोधूनही सापडले नाही, तर ते काढावे लागते, हा या साऱ्या उदाहरणांचा बोध आहे. पण ते सापडत नाही, असे म्हणण्याचा अधिकारही शोधणारालाच असतो.

कोणी म्हणेल, आमची सरकारी नोकरी. मासिकांत लिहायचे तर परवानग्यांचे लचांड. ही सबबही मी फेटाळतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतला पंधरावा नियम आपल्यापैकी केंद्राच्या सेवेतल्या प्रत्येकाने पदोन्नतीच्या वेळी वाचलेला असेल. कर्तव्यात बाधा येत नसेल तर प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन, कलाविषयक वा वैज्ञानिक काम पूर्वमंजुरीवाचून करण्याची मुभा तो देतो. राज्यसेवेतल्या, बँकांतल्या वा सैन्यातल्या मंडळींनी आपापले नियम पाहावेत. पण नियमाच्या आड लपून आळसाचे समर्थन कोणी करू नये.

मग करायचे काय? पुढचे वर्ष आपण प्रत्येकाने दोन मासिके निवडावीत. सात नव्हे, दोनच. त्यांची वर्गणी भरावी आणि प्रत्येक अंकातली प्रत्येक कथा वाचावी. कथा केवढी लांब असते, ती कोणत्या वर्गातल्या, कोणत्या मुलखातल्या माणसांची असते, संपादकीयात कशाचा ध्यास दिसतो, नव्या नावांना वर्षात किती वेळा जागा मिळते, हे एका वहीत टिपावे; फाइलीवर टिपणे लिहिणाऱ्या हातांना हे काम जड जाऊ नये. दिवाळी अंकाकडे डोळा असेल तर पंचांग ध्यानात ठेवावे. १९०९ साली ‘मनोरंजना’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली, आज असे अंक शेकड्यांनी निघतात, पण त्यांतला बराच मजकूर निमंत्रणाने येतो आणि गणपती बसेपर्यंत पुष्कळ अंकांचा आराखडा ठरून गेलेला असतो. दसऱ्याला कथा पाठवून दिवाळीला ती शोधणारा माणूस वरात निघाल्यावर मुलगी पाहायला आल्यासारखा दिसतो. कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी, वाजवी मुदतीपर्यंत वाट पाहावी, एकदा सभ्यपणे विचारणा करावी, आणि उत्तर न आल्यास तसे कळवून ती दुसरीकडे न्यावी. एकाच दिवाळीत एकच कथा दोन अंकांत झळकली, तर दोन्ही दारे कायमची बंद होतात, आणि तो दोष संपादकांचा नसतो.

आणि कथा कशावर लिहायची? उंटावरून शेळ्या हाकणे आता पुरे. पुण्याच्या गल्ल्या पुणेकर आपल्याहून चांगल्या लिहितील. आपल्याला जे दिसते ते त्यांना दिसत नाही: बस्तरच्या बाजारात मीठ घेणारी बाई, ब्रह्मपुत्रेच्या पुरात भिजलेले जमिनीचे दप्तर, बदलीच्या दर तीन वर्षांनी शाळा आणि भाषा बदलणारी आपली मुले, आणि त्या मुलांनी घरात आपल्याला हिंदीतून दिलेले पहिले उत्तर. हा ऐवज आपल्याजवळ आहे. त्याची ज्या मासिकाला भूक आहे ते शोधणे, हाच योग्य मासिक शोधण्याचा अर्थ. आणि ती भूक पत्त्याच्या ओळीत कधीच छापलेली नसते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत अठ्ठ्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. आपल्यापैकी पुष्कळांनी तिथे मांडवात उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. मीही काढून घेतले. त्या मांडवाबाहेरच्या ग्रंथदालनातून किती मासिकांच्या वर्गणीच्या पावत्या आपण खिशात घालून परतलो, एवढेच प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

यादी मागणाऱ्या मित्रांना माझे उत्तर म्हणूनच एवढे आहे. आपली कथा आपण सांगाल त्या मासिकाकडे पाठवण्यास मी आनंदाने साहाय्य करीन, कोणाला भेटायचे, कसे लिहायचे, हेही सांगेन. फक्त येताना त्या मासिकाच्या वर्गणीची पावती घेऊन या. आणि त्याचे निदान एक वर्षाचे अंक घेऊन या, वेष्टने फोडलेले.